रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदावरून कुलाब्याच्या मतदारांसमोर : चिंतामणराव देशमुख

कुंडलिकेकाठचा (रोहा)

मार्च २०२५ मध्ये मार्क कार्नी कॅनडाचे पंतप्रधान झाले. आधी बँक ऑफ कॅनडाचे गव्हर्नर (२००८ ते २०१३), मग बँक ऑफ इंग्लंडचे (२०१३ ते २०२०). तोवर एकही निवडणूक न लढलेला माणूस पंतप्रधान झाला आणि एप्रिलमध्ये मतदारांसमोर गेला. तेव्हापासून आमच्या गप्पांत एकच सूर ऐकतोय, की मध्यवर्ती बँकेतून निवडणुकीच्या राजकारणात येणं म्हणजे नवलच. अहो, हे आपल्या जिल्ह्यात १९५२ सालीच घडून गेलंय. रायगडातल्या मुलांना ते माहीत नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळचं नाते. घराणं रोह्याचं, वडील वकील. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज, १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिले. एवढं शाळेच्या भाषणांत येऊन गेलेलं असतं, त्यामुळे ते सोडून पुढे जातो.

मला बोलायचंय ते १९३९ ते १९५६ या काळाबद्दल. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोकरी केल्यावर जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक जेमतेम चार वर्षांची होती. १९४१ अखेर डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर जेम्स टेलर पदावर असतानाच वारले आणि ११ ऑगस्ट १९४३ ला देशमुख गव्हर्नर झाले, त्या जागेवरचे पहिले भारतीय. वर सहाव्या जॉर्जचं चित्र आणि खाली त्यांची सही, अशा नोटा नाणी-नोटा जमवणाऱ्यांकडे आजही बघायला मिळतात.

३० जून १९४९ पर्यंत ते त्या पदावर होते. त्या सहा वर्षांत काय काय झालं बघा. महायुद्ध, युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणारी आणि नाणेनिधीला जन्म देणारी ब्रेटन वुड्सची परिषद, फाळणी. जून १९४८ संपेपर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणूनही आपलीच रिझर्व्ह बँक काम बघत होती. १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्याच वर्षी बँकिंगचा मोठा कायदा आला. एप्रिल १९५० मध्ये देशमुख नियोजन आयोगावर गेले आणि १ जून १९५० ला अर्थमंत्री झाले. त्यांच्या आधीचे जॉन मथाई नियोजन आयोगाच्या वाढत्या अधिकारांवर नाराज होऊन बाहेर पडले होते, म्हणजे ज्या आयोगावरून आधीचा मंत्री गेला त्याच आयोगातून नवा मंत्री आला.

इथवरची वाट नेमणुकांची. त्यांना निवडून कोणी दिलं नव्हतं. ते घडलं १९५२ मध्ये, काँग्रेसच्या तिकिटावर, कुलाबा मतदारसंघातून. (नव्या मंडळींसाठी: मुंबईतला कुलाबा नव्हे. आपल्या कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं.)

माझं म्हणणं थोडक्यात असं. मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नराचं सगळ्यात अवघड काम म्हणजे सरकारला वेळेवर "नाही" म्हणणं. पण नोकरीतल्या माणसाचा नकार फायलीत राहतो, लोकांपर्यंत पोचत नाही. जुलै १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवण्याच्या प्रश्नावर देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून पंतप्रधानांच्या कारभाराबद्दल स्पष्ट शब्दांत बोलले, तेव्हा तो नकार साऱ्या देशाने ऐकला. ते त्यांना जमलं कारण तोवर ते कोणाचे नेमलेले अधिकारी राहिले नव्हते. रोहा, महाड, माणगाव, अलिबागच्या मतांवर ते तिथे बसले होते. या बाबतीत कोकणाने त्यांना जे दिलं ते रिझर्व्ह बँक देऊ शकली नव्हती.

जाणकारांनी भर घालावी, पटत नसेल तर तसंही लिहावं.

बँकवाला (श्रीवर्धन)

फार चांगला विषय काढलात. आयुष्य बँकेत गेलं, म्हणून गव्हर्नरपदाच्या काळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. तुमच्या मुद्द्याला त्याने जोर येतो असं मला वाटतं.

युद्धात ब्रिटनने इथून कापड, ताग, धान्य, सैन्याचं सामान असं जे लागेल ते उचललं. त्याचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा व्हायचे. इथल्या व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला मात्र रुपये द्यायला लागायचे, म्हणून त्या लंडनच्या जमेच्या आधारावर इथे नोटा छापल्या जायच्या. माल देशाबाहेर आणि नोटा देशात. भाव चढणार नाहीत तर काय होईल? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणं अनेक आहेत, पण या महागाईने गरिबाच्या तोंडचा घास महाग केला हे विसरता येत नाही. युद्ध संपता संपता ही स्टर्लिंगची शिल्लक १,७०० कोटी रुपयांच्या घरात गेली होती.

म्हणजे देशमुख गव्हर्नर झाले तेव्हा हे यंत्र चालूच होतं आणि ते थांबवायचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. नियम लंडन आणि दिल्लीने ठरवलेले. शिवाय ही रक्कम पुढे कापून घ्यावी असा सूर ब्रिटनमध्ये निघत होता. माणसं उपाशी राहून जे साठलं, तेच बुडवायची भाषा!

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख होते सर जेरेमी रेझमन, म्हणजे व्हाइसरॉयच्या सरकारचे वित्त सदस्य. त्यात देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते. या मंडळींनी स्टर्लिंग शिल्लकीचा प्रश्न तिथे मांडला. तो नाणेनिधीच्या कक्षेत घ्यायला नकार मिळाला. पण प्रश्न जगासमोर आला, आणि निधीत भारताचा वाटा ४० कोटी डॉलरचा ठरला. पुढे रशिया निधीत सामील झाला नाही म्हणून भारत पहिल्या पाचांत गेला आणि कार्यकारी मंडळावर जागा मिळाली. देश अजून पारतंत्र्यात होता हे ध्यानात घ्या. १९५० मध्ये पॅरिसला निधी आणि जागतिक बँकेची संयुक्त वार्षिक सभा झाली तिचे अध्यक्ष देशमुख होते.

चौलची लेक

लेख आवडला, पण एका गोष्टीवर अडले. या माणसाला अर्थशास्त्रज्ञ म्हणायचं का? केंब्रिजला त्यांचा विषय वनस्पतिशास्त्र, जोडीला रसायन आणि भूगर्भ. अर्थकारण ते नोकरीत शिकले.

कोकणाशी नातं असलेला आणि रुपयाचा खराखुरा अभ्यासक म्हणाल तर ते बाबासाहेब. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं शिक्षण, १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध, आणि पुढे भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर दिलेली साक्ष. याच आयोगाने १९२६ मध्ये भारतासाठी मध्यवर्ती बँक असावी अशी शिफारस केली. खोती मोडायचं विधेयकही मुंबईच्या विधिमंडळात त्यांनीच १९३७ मध्ये मांडलं होतं.

जून १९५० ते सप्टेंबर १९५१ एवढा काळ दोघं एकाच मंत्रिमंडळात होते, एक कायदामंत्री आणि एक अर्थमंत्री. बाबासाहेबही राजीनामा देऊनच बाहेर पडले. आणि १९५२ च्या त्याच निवडणुकीत, ज्यात कुलाब्याने देशमुखांना निवडून दिलं, बाबासाहेब उत्तर मुंबईत पडले. दोघांची विद्वत्ता वादातीत. फरक काँग्रेसच्या तिकिटाचा होता. मग "कोकणाच्या मतांनी वजन दिलं" यात खरं वजन कुणाचं, मतदारांचं की बैलजोडीचं (काँग्रेसची तेव्हाची निशाणी)? हे मी खूप कळकळीने विचारतेय.

कुंडलिकेकाठचा (रोहा)

ताई, प्रश्न रास्त आहे. १९५२ मध्ये बैलजोडीची लाट होती आणि देशमुख त्या लाटेवर निवडून आले, यात वाद नाही. मी बोलतोय ते त्या जागेचा त्यांनी पुढे काय उपयोग केला त्याबद्दल. लाटेवर आलेले शेकडो होते. त्यांतले किती जण चार वर्षांनी त्याच पक्षाच्या पंतप्रधानांसमोर सभागृहात उभे राहिले?

अर्थशास्त्रज्ञ म्हणावं की नाही यावर: ज्ञानशाखेच्या अर्थाने नाहीच. पण १९४५ ते १९६४ ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. सांख्यिकीतज्ज्ञ महालनोबिसांची ती संस्था आणि नमुना पाहण्यांचं ते काम यांच्यामागे दीर्घकाळ उभं राहणं हेही अर्थशास्त्राचंच काम आहे असं मी मानतो.

पेणचा आगरी

तुम्ही सगळे दिल्ली आणि अमेरिकेचं बोलताय, मी जरा खाली येतो.

हा जिल्हा चरीच्या संपाचा. १९३३ ते १९३९ एवढी वर्षं कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीन कसली नाही, हाल सोसले, पण खोतापुढे वाकले नाहीत. त्या माणसांच्या पोटी शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, वाढला. आमच्या घरात खासदार कोण यापेक्षा खाडीचा बांध फुटला तर कोण येतो हे महत्त्वाचं होतं. खारं पाणी शेतात शिरलं की तीन-तीन वर्षं भात होत नाही. माझा प्रश्न सरळ आहे. जगाच्या बँकेच्या सभेचं अध्यक्षस्थान भूषवणारा माणूस आमचा खासदार होता, तर आमच्या कुळांना, मीठवाल्यांना, मासळी विकणाऱ्या बायांना त्यातून काय मिळालं? राजीनामा मोठाच, मी त्यापुढे नमस्कार करतो. पण राजीनाम्याने बांध बांधला जात नाही.

बँकवाला (श्रीवर्धन)

भाऊ, बांधाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. कर्जाबद्दल आहे, आणि ते कुळांच्या दाराशीच येतं.

खोती कायद्याने गेली, पण कुळाला पेरणीला पैसे कोण देणार? सावकारच. १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी करायला ए. डी. गोरवालांची समिती नेमली. १९५४ च्या अहवालात दिसलं, की शेतकऱ्याने काढलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी. बाकी सावकार, व्यापारी, जमीनदार, नातेवाईक. हा अहवाल धूळ खात पडला नाही, कारण अर्थमंत्रिपदी असा माणूस होता ज्याला रिझर्व्ह बँकेचं काम आतून ठाऊक होतं. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं बंधन तिच्यावर आलं, तेही जिथे बँक नाही अशा ठिकाणी. इंपीरियल बँक बड्या व्यापाराची बँक होती. ती तालुक्याच्या गावात आली ती या निर्णयामुळे.

मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगणाऱ्या कोकणात बँकेची शाखा म्हणजे काय, हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय. म्हाताऱ्या बाया अंगठा उठवायला यायच्या, पासबुक पदरात बांधून न्यायच्या.

पेणचा आगरी

हे पटलं, पण अर्धंच. शाखा आली तरी सातबारा नावावर नसलेल्याला कर्ज कोण देत होतं? तरी तुमचा प्रतिसाद घरच्यांना वाचून दाखवणार आहे.

म्हसळेकरीण, दादर

मला राजीनाम्याबद्दल विचारायचंय. आमच्याकडे संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. गोळीबार जानेवारी १९५६ मध्ये झाला, देशमुखांचा राजीनामा जुलैत. मधले सहा महिने हे गृहस्थ दिल्लीत काय करत होते? माणसं मेली तेव्हाच का नाही सोडलं?

कुंडलिकेकाठचा (रोहा)

ताई, हाच प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता, म्हणून जरा लांब लिहितो.

१६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहणार असं आकाशवाणीवरून जाहीर केलं. मुंबई पेटली, गोळीबार झाले. आता त्याच आठवड्यातली दुसरी तारीख बघा. १९ जानेवारीला अर्थमंत्री देशमुख आकाशवाणीवर आले आणि आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतल्याचं त्यांनी सांगितलं. २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या, एका वटहुकुमाने. आधी बातमी फुटली असती तर कंपन्यांनी पैसा इकडचा तिकडे केला असता, म्हणून मोजक्या माणसांनाच ठाऊक होतं.

म्हणजे ज्या दिवसांत स्वतःच्या मुलखातली माणसं रस्त्यावर मरत होती, त्याच दिवसांत त्यांच्या हातात हे अर्ध्यावर न सोडता येणारं काम होतं. जानेवारीतच त्यांनी पद सोडायची इच्छा नेहरूंना कळवली होती आणि त्यांना थांबायला सांगण्यात आलं. फेब्रुवारीअखेर त्यांनी अंदाजपत्रक मांडलं. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत येऊन केंद्रशासनाचाच निर्णय पुन्हा सांगितला, तेव्हा आशा संपली. जुलैत त्यांनी पद सोडलं. लोकसभेतल्या निवेदनात त्यांनी मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न करता जाहीर केल्याचा आक्षेप घेतला, गोळीबाराची चौकशी होत नाही यावर बोट ठेवलं आणि महाराष्ट्राबद्दल आकस असल्याचं पंतप्रधानांच्या तोंडावर सांगितलं.

तुम्ही म्हणाल, तरी उशीर झाला. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना तसं वाटण्याचा पूर्ण अधिकार आहे. मला त्या सहा महिन्यांत भित्रेपणा दिसत नाही. हातातला हिशेब पुरा करून मग किल्ल्या ठेवणारा माणूस दिसतो. ही सवय त्यांना बँकेने लावली असावी.

अजून एक. चेट्टी, मथाई, देशमुख, आणि त्यांच्यानंतर कृष्णम्माचारी, या चौघाही अर्थमंत्र्यांनी राजीनामे दिले. कृष्णम्माचारींचा १९५८ चा राजीनामा तर मुंधडा प्रकरणात, म्हणजे देशमुखांनी सरकारी केलेल्या त्याच आयुर्विम्याच्या पैशावरून. पण राज्याच्या प्रश्नावर, आपल्या माणसांसाठी पद सोडणारे या चौघांत एकटे देशमुख.

मालवणी मुलूख

माका ह्यो धागो खूप आवडलो. थोडं अवांतर: कोकणातून लोकसभेत गेलेले आणखी एक अर्थमंत्री म्हणजे राजापूरचे मधु दंडवते, १९८९-९० मध्ये. तेही शिक्षणाने अर्थशास्त्राचे नव्हेत, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला तो त्यांच्याच काळात. कोकण रेल्वेसाठी त्यांनी केलेली धडपड आम्हा लोकांना सांगायला नको. त्यांची वाट देशमुखांच्या उलट: आधी चळवळ, आधी मतदार, मग तिजोरी. पेणच्या भावांचा प्रश्न दंडवत्यांना कधी कोणी विचारला नसता, कारण ते बांधावर येऊन गेलेले असायचे.

दापोलीचा विद्यार्थी

अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. इटलीत सियाम्पी (१९९३) आणि द्रागी (२०२१) हे दोघे मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर पंतप्रधान झाले, दोघंही निवडणूक न लढता. ग्रीसमध्ये २०११ ला पापादेमोस तसेच. संकट आलं की लोकांना विचारण्याऐवजी बँकेतल्या शहाण्याला बोलवायचं, ही पद्धत मला धोक्याची वाटते. आणि आपल्याकडे मनमोहन सिंग आहेतच. त्यांना कुठे बसवायचं?

बँकवाला (श्रीवर्धन)

दोघांच्या वाटा शेजारी ठेवून बघ, खूप शिकायला मिळेल. दोघेही केंब्रिजचे. दोघेही रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर (मनमोहन सिंग १९८२ ते १९८५), दोघेही अर्थमंत्री, दोघेही विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. फक्त क्रम फिरला. मनमोहन सिंग १९९१ मध्ये अनुदान आयोगावरून अर्थमंत्रालयात आले, तर देशमुख १९५६ मध्ये अर्थमंत्रालयातून अनुदान आयोगावर गेले आणि १९६१ पर्यंत तिथे राहिले.

मोठा फरक लोकसभेचा. मनमोहन सिंग १९९९ मध्ये दक्षिण दिल्लीत हरले आणि दहा वर्षं पंतप्रधान राहिले ते राज्यसभेतून. १९९१ चं त्यांचं काम मी डोक्यावर घेतो. पण आपला स्वतःचा मतदारसंघ नसलेल्या माणसाला पक्षश्रेष्ठींपुढे किती ताठ उभं राहता येतं, हा प्रश्न त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत सगळ्या देशाला पडला. धागाकर्त्यांचा मुद्दा मला इथे सगळ्यात जास्त पटतो.

चौलची लेक

मग १९६९ चं काय? त्या वर्षी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने देशमुखांना राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं. स्वतंत्र पक्ष म्हणजे राष्ट्रीयीकरणाचा कट्टर विरोधक. आणि उमेदवार कोण, तर इंपीरियल बँक आणि आयुर्विमा सरकारी करणारे! तेही इंदिरा गांधींनी १९ जुलैला १४ बँका ताब्यात घेतल्यानंतर महिन्याभरात. इथे त्यांचा "नाही" कुठे गेला?

कुंडलिकेकाठचा (रोहा)

ही विसंगती आहे, आणि ती मला झाकायची नाही. माझं आकलन असं की सत्तेवर कोणाचा तरी वचक हवा, ही त्यांची जुनी धारणा होती. मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासायला कायमचं न्यायाधिकरण असावं, असं ते १९५९ मध्येच जाहीरपणे म्हणाले होते. १९६९ पर्यंत त्यांचं भांडण धोरणाशी कमी आणि एकहाती कारभाराशी जास्त झालं होतं.

निकाल मात्र बघण्यासारखा आहे. पहिल्या पसंतीत इंदिरा गांधींचा पाठिंबा असलेल्या व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. कोणालाच निम्म्याहून जास्त नाही. मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, त्यांतला मोठा वाटा रेड्डींकडे गेला आणि अंतर १५ हजारांच्या आत आलं. गिरी निवडून आले ते ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे. काँग्रेस फुटण्याआधीची ती शेवटची मोठी लढत.

पेणच्या भाऊंना एक विनंती. देशमुख लोकसभेत कुलाब्याच्या प्रश्नांवर काय बोलले हे पाहायचं तर संसदेच्या संकेतस्थळावर जुन्या चर्चांचे वृत्तांत आहेत. १९५२ ते १९५६ ची सत्रं आपण दोघं वाटून घेऊ. खारभूमी, मीठ आणि मासेमारी तुम्ही बघा, कर्ज आणि पोस्ट मी बघतो. जे सापडेल ते, चांगलं असो की वाईट, इथेच टाकू.

पेणचा आगरी

चालेल. १९५२ पासून मी सुरू करतो.